पिस्तुलाला नंतर बसवलेली मॅन्युअल सेफ्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे कायदेशीर पिस्तूल आहे आणि त्याला कारखान्यातून अंगठ्याने चालवायची सेफ्टी आलेली नाही, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यातले बहुतेक प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या मनात येणारे आहेत, कारण असे सुटे भाग बनवण्याचा आणि बसवून देण्याचा व्यवसाय मुख्यतः तिथेच आहे. भारतातील परवानाधारकांना लागू होणाऱ्या बाबी शेवटाकडे स्वतंत्रपणे दिल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय भारतातील कोणीही आपल्या शस्त्राला हात लावू नये.

मॅन्युअल सेफ्टी म्हणजे नेमके काय?

पिस्तूल चालवणाऱ्याने जाणीवपूर्वक लावायचा आणि काढायचा खटका म्हणजे मॅन्युअल सेफ्टी. तो लावलेला असेपर्यंत चाप ओढला तरी गोळी सुटू नये, एवढेच त्याचे काम असते. याउलट आपोआप काम करणाऱ्या सेफ्टी वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाहीत. चापावर बोट नीट येताच त्या एकामागून एक सुटतात आणि बोट निघताच पुन्हा लागतात. पहिल्या प्रकारात भरवसा माणसाच्या सवयीवर असतो, तर दुसऱ्यात यंत्राच्या रचनेवर. पुढची बरीचशी चर्चा या एका फरकाभोवतीच फिरते.

ग्लॉकला सेफ्टीच नसते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ मध्ये पहिल्यापासून तीन सेफ्टी आहेत आणि तिन्ही आपोआप काम करतात. चापाच्या मधोमध एक छोटी पाती असते. ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे येत नाही, त्यामुळे चापाच्या नुसत्या कडेला काही घासले तर तो हलत नाही. दुसरी सेफ्टी म्हणजे स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) आत फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणाऱ्या पिनच्या) वाटेत उभा असलेला एक दट्ट्या. चाप पुरेसा मागे आल्यावरच ट्रिगर बार, म्हणजे चापाला जोडलेली आतली पट्टी, त्याला वर ढकलतो आणि वाट मोकळी होते. तिसरी सेफ्टी पिस्तूल पडण्याशी संबंधित आहे. ट्रिगर बारचा मागचा फुलीसारखा भाग हाउसिंगमधील एका कट्ट्यावर टेकलेला असतो आणि चाप ओढल्याखेरीज तो त्यावरून खाली उतरू शकत नाही.

या तिन्ही सेफ्टींना एक गोष्ट मात्र ओळखता येत नाही, ती म्हणजे चाप कोणी ओढला. बोट असो, शर्टाचे टोक असो, जाकिटाची दोरी असो की लहान मुलाचा हात असो, चापाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपासचा दाब आला की गोळी सुटणारच. नंतर सेफ्टी बसवण्याचा विचार याच उणिवेतून येतो आणि तो गैरवाजवी नाही.

मग लोक ती नेमकी कशासाठी बसवून घेतात?

कारणे तीन आहेत आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिले आणि माझ्या मते सर्वांत सबळ कारण म्हणजे पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवण्याची वेळ. तेव्हा नजर बहुधा दुसरीकडे असते, हात घाईत असतो आणि कपड्याचा एखादा पदर चापाच्या कड्यात शिरण्याची शक्यता असते. कमरेच्या पुढच्या बाजूला पिस्तूल बाळगणाऱ्यांच्या बाबतीत तर त्या क्षणी नळीचे तोंड स्वतःच्याच मांडीकडे आणि जांघेकडे रोखलेले असते. तिथे गोळी सुटली तर मोठी रक्तवाहिनी फुटून काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

दुसरे कारण झटापटीचे आहे. गणवेशातील माणसाच्या कमरेचे शस्त्र कोणी हिसकावले, तर अनोळखी हाताला खटका सापडेपर्यंत काही क्षण मिळतात. मसाद अयुब यांच्यासारख्या नामांकित अमेरिकी प्रशिक्षकांनी हा मुद्दा अनेक वर्षे मांडला आहे. घरात शस्त्र बाळगणाऱ्या सामान्य नागरिकाला मात्र तो क्वचितच लागू पडतो.

तिसरे कारण सवयीचे. ज्याने आयुष्यभर १९११ (कोल्टचे जुने अमेरिकी लष्करी पिस्तूल) पद्धतीचे पिस्तूल वापरले, त्याचा अंगठा पिस्तूल उपसताना आपसूक खाली सरकतो. त्याला नव्या पिस्तुलावरही तोच खटका त्याच जागी हवासा वाटतो.

लष्करालाही अशी सेफ्टी लागते का?

काही लष्करांना लागते. अमेरिकी सैन्याने आपल्या नव्या पिस्तुलासाठी स्पर्धा घेतली, तेव्हा मॅन्युअल सेफ्टी हवी अशी अट होती. जानेवारी २०१७ मध्ये निवडलेल्या एम १७ या पिस्तुलाला, म्हणजे सिग साऊरच्या पी ३२० च्या लष्करी आवृत्तीला, दोन्ही बाजूंनी अंगठ्याचा खटका आहे. त्या स्पर्धेसाठी ग्लॉकनेही खटका असलेली आवृत्ती सादर केली होती. भारतीय सैन्यात प्रदीर्घ काळ वापरात असलेले ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतील ९ मिमी पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घाटाचे आहे आणि त्यालाही डाव्या बाजूला खटका असतो. एनएसजीच्या ग्लॉक १७ ला मात्र नेहमीच्या ग्लॉकप्रमाणे खटका नसतो. दोन्ही पद्धती प्रशिक्षित हातात चालतात. खटका नसणे हा दोष आहे असे म्हणता येत नाही आणि खटका असला म्हणून सुरक्षितता हमखास मिळाली असेही नाही.

नंतर बसवता येणाऱ्या सेफ्टीचे कोणते प्रकार आहेत?

ग्लॉकचेच उदाहरण घेऊ, कारण सर्वाधिक प्रयोग त्यावर झाले आहेत.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने अंगठ्याच्या सेफ्टीचा आहे. कॉमिनोली या नावाने ओळखला जाणारा संच यात सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यासाठी पॉलिमर फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या प्लास्टिकच्या सांगाड्याच्या, मागच्या डाव्या बाजूला खाच कापावी लागते आणि तिथे १९११ सारखा, खाली दाबला की सुटणारा खटका येतो. नीट बसवलेला हा खटका हाताला अगदी मूळचा वाटतो. परंतु खाच एकदा कापली की ती परत भरून निघत नाही, कापताना एखाद मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर खटका ढिला किंवा अडकणारा होतो, आणि उत्पादकाच्या हमीचा प्रश्न तिथेच संपतो.

दुसरा प्रकार म्हणजे चापातच बसणारी आडवी कळ, किंवा चापाच्या मागे कड्यात बसवायचा आणि वेळेला बोटाने ढकलून काढायचा छोटा ठोकळा. हे स्वस्त असते, फ्रेम कापावी लागत नाही आणि घरी बसवता येते, म्हणून लोक याकडे वळतात. मी याची शिफारस करत नाही आणि त्याचे कारण स्पष्ट आहे. सेफ्टी काढण्यासाठी बोट चापाच्या कड्यात न्यावे लागते, तेही निशाणा ठरण्याआधी. शस्त्र हाताळण्याचा सर्वमान्य नियम असा की गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट कड्याबाहेर, फ्रेमवर सरळ ठेवायचे. जी वस्तू हा नियम मोडायला लावते, तिला सुरक्षेचे साधन म्हणणे मला पटत नाही. धास्तावलेल्या माणसाचे बोट कळ ढकलता ढकलता चापही ओढून बसेल, ही भीती निराधार नाही.

तिसरा प्रकार काटेकोर अर्थाने मॅन्युअल सेफ्टी नाही, परंतु मला तो सर्वांत समंजस वाटतो. स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस या नावाने तो ओळखला जातो. ग्लॉकच्या स्लाइडच्या मागच्या झाकणाऐवजी बिजागरी असलेले झाकण बसवायचे, एवढेच त्याचे काम. ग्लॉकचा चाप ओढला जाऊ लागला की आतला स्ट्रायकर (घोड्याविना स्प्रिंगच्या जोरावर काडतुसावर आदळणारी पिन) किंचित मागे सरकतो आणि हे झाकण बाहेर उचलले जाते. होल्स्टरमध्ये ठेवताना अंगठा झाकणावर टेकवून धरला, तर चापात काही अडकल्याचे अंगठ्याला तत्काळ जाणवते आणि त्याच दाबाने चाप अडतोही. पिस्तूल उपसताना काहीच वेगळे करावे लागत नाही, त्यामुळे ऐन वेळी खटका काढायचा विसरण्याचा प्रश्न येत नाही. अर्थात अंगठा तिथे ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

चाप जड करणारी स्प्रिंग हाही एक मार्ग आहे. न्यूयॉर्क शहर पोलिसांनी अनेक वर्षे बारा पौंडांच्या चापाची पिस्तुले वापरली. चाप इतका जड झाला की नकळत ओढला जाण्याची शक्यता घटते, परंतु तो ओढताना पिस्तूलच हलते आणि नेम बिघडतो. गोळी भलत्या जागी लागणे हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे या उपायाचा विचार करताना विसरू नये.

सेफ्टी लावलेली असताना पिस्तूल पडले, तर गोळी सुटणार नाही ना?

हे सेफ्टी नेमके काय अडवते यावर अवलंबून आहे, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आढळतो.

काही खटके फक्त चाप अडवतात, काही ट्रिगर बार, काही सीअर (घोडा किंवा स्ट्रायकर अडवून धरणारा आतला भाग), तर काही थेट फायरिंग पिनला आडवे येतात. जुन्या घडणीच्या १९११ चे उदाहरण पाहा. त्याची अंगठ्याची सेफ्टी सीअरला जागच्या जागी जखडते, त्यामुळे घोडा पडू शकत नाही. परंतु फायरिंग पिन स्वतंत्र असते आणि तिला फक्त एका स्प्रिंगने मागे धरलेले असते. असे पिस्तूल पुरेशा उंचीवरून नळीच्या तोंडावर कडक जमिनीवर आपटले, तर ती पिन स्वतःच्या वजनाने स्प्रिंगला दाबून पुढे जाऊ शकते आणि काडतुसाच्या टोपीवर आदळू शकते. घोडा मागे आहे, सेफ्टी लावलेली आहे, आणि तरीही गोळी सुटू शकते. कोल्टने १९८३ पासून सीरिज ८० मध्ये फायरिंग पिन अडवणारा वेगळा दट्ट्या बसवला, तो याच कारणासाठी. १९११ वापरणाऱ्यांपैकी काही जण त्याऐवजी हलक्या टायटॅनियमची पिन आणि अधिक ताठ स्प्रिंग बसवून घेतात.

तात्पर्य, आपण जो भाग विकत घेत आहात तो कोणत्या सुट्या भागाला अडवतो, हे विक्रेत्याला आधी विचारा. त्याला उत्तर देता आले नाही, तर तो भाग घेऊ नका.

आयात केलेल्या जुन्या टोकारेव्हला असलेली सेफ्टी भरवशाची असते का?

तिच्यावर विसंबू नये. सोव्हिएत टीटी-३३ ला, म्हणजे टोकारेव्हला, मूळची मॅन्युअल सेफ्टी नव्हती. घोडा अर्ध्यावर अडकवण्याची खाच तेवढी होती. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली आयात होणाऱ्या पिस्तुलांसाठी जे निकष लावले जातात, त्यांत हाताने चालवायची सेफ्टी असणे ही पूर्वअट आहे. म्हणून पूर्व युरोपातली जुनी टोकारेव्ह तिथे आणताना फ्रेमला छिद्र पाडून खटके बसवले गेले. त्यांचा हेतू सरकारी निकष पूर्ण करण्याचा होता, वापरणाऱ्याच्या सोयीचा नव्हता, आणि ते हातात घेतल्यावर कळते. खटका छोटा असतो, अंगठ्याला धड पोहोचत नाही आणि काहींचा तर इतका ढिला असतो की आपोआप जागा बदलतो. अशा पिस्तुलात चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागी, काडतूस न ठेवणे हाच योग्य मार्ग आहे.

रिव्हॉल्वरला सेफ्टी बसवता येते का?

येते, पण गरज फार कमी वेळा असते. डबल ॲक्शन (एकाच चापाने घोडा मागे जाऊन पडतो अशा) रिव्हॉल्वरचा लांब आणि जड चाप हीच त्याची मुख्य सुरक्षा. सिंगापूर पोलिसांच्या वेब्ली मार्क ४ ला कारखान्यातूनच खटका होता, परंतु असे रिव्हॉल्वर विरळाच. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरसाठी मॅग्ना-ट्रिगर नावाचा बदल अमेरिकेत करून मिळत आला आहे. त्यात चुंबक असलेली अंगठी घातलेल्या हातातच रिव्हॉल्वर चालते.

हा भाग मी घरी बसवू शकतो का?

फ्रेम किंवा स्लाइड कापावी लागणार असेल, तर नाही. सीअरला टेकणाऱ्या भागाला कानस लावावी लागणार असेल, तरीही नाही. १९११ चा नवा अंगठ्याचा खटका पाकिटातून काढून थेट बसेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खटक्याचा आतला उंचवटा त्या विशिष्ट पिस्तुलातल्या सीअरच्या मापाने घासून बसवावा लागतो. तो जास्त घासला गेला, तर खटका वर जातो, टक् असा आवाजही येतो, पण सीअर किंचित हलण्याइतकी जागा राहते. बाहेरून सर्व ठीक दिसते आणि धोका आत दडून राहतो. म्हणून हे काम अनुभवी गनस्मिथकडूनच करून घ्यावे. अमेरिकेत हा व्यवसाय करणाऱ्याकडे केंद्रीय शस्त्र परवाना असणे बंधनकारक आहे. तो आहे का, हे संकोच न बाळगता विचारा.

बसवून आणल्यावर तपासणी कशी करावी?

प्रथम मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल रिकामे आहे हे माहीत असले, तरी नळी सुरक्षित दिशेलाच ठेवा.

मग घोडा असलेल्या पिस्तुलात घोडा मागे ओढून सेफ्टी लावा आणि चाप नेहमीपेक्षा जोरात दाबा. घोडा जराही हलता कामा नये. चाप सोडा, सेफ्टी काढा. या क्षणी घोडा पडला, तर ते पिस्तूल लगेच गनस्मिथकडे परत न्या. पडला नाही, तरी तपासणी संपलेली नाही. घोडा अंगठ्याने केसभर मागे ओढा आणि कान देऊन ऐका. बारीक टिक् ऐकू आली, तर सेफ्टी लावलेली असताना दाबाखाली सीअर थोडा सरकला होता आणि आता तो जागेवर परत गेला, असा त्याचा अर्थ. असे पिस्तूल भरून वापरू नये. संपूर्ण शांतता हवी.

स्ट्रायकरच्या पिस्तुलात ही टिक् ऐकण्याची सोय नसते, त्यामुळे डमी काडतुसांवर खटका पुन्हा पुन्हा लावून आणि काढून चाप दाबून पाहावा लागतो. त्यानंतर शूटिंग रेंजवर, आधी एकच काडतूस भरून, मग दोन आणि मग पूर्ण मॅगझीन अशा क्रमाने चाचणी घ्यावी. गोळीच्या धक्क्याने खटका आपोआप वर जात नाही ना, याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तसे झाले तर दुसऱ्याच गोळीला पिस्तूल मुके होते.

खटक्याची दिशा इतकी महत्त्वाची का मानतात?

कारण घाबरलेला माणूस विचार करत नाही, त्याचा अंगठा सवयीने हलतो. १९११ आणि हाय-पॉवरचा खटका खाली दाबला की पिस्तूल झाडायला तयार होते. बेरेटा ९२ च्या स्लाइडवरचा खटका त्यासाठी वर ढकलावा लागतो. घरात दोन्ही पद्धतींची पिस्तुले असतील, तर सराव दुप्पट करूनही गोंधळ राहतोच. त्यामुळे बदल करायचा असेल, तर आपल्या सगळ्या पिस्तुलांची दिशा एकच राहील असे पाहा. सराव रिकाम्या पिस्तुलाने करावा. उपसताना पकड पक्की झाली की अंगठा खटक्यावर, नळी लक्ष्याकडे वळली की खटका खाली, आणि बोट त्याच्याही नंतर. परत ठेवताना आधी बोट बाहेर, मग खटका वर, मग होल्स्टर. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंचा खटकाच घ्यावा.

जुने होल्स्टर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. नवा खटका बाहेर आलेला असतो आणि जुन्या होल्स्टरची कड त्याला घासून तो खाली पाडू शकते. मग मालकाला वाटते सेफ्टी लावलेली आहे, आणि ती सुटलेली असते. रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये आतबाहेर करून प्रत्येक वेळी खटक्याची जागा पाहावी. चापाचे कडे पूर्ण झाकणारे, कडक आणि तोंड न मिटणारे होल्स्टर नसेल, तर सेफ्टीवर खर्च करण्याआधी ते घ्यावे.

सेफ्टी असलेले दुसरे पिस्तूल घेणे अधिक योग्य नाही का?

बहुतेकांसाठी तेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी मालिका आणि सिगचे पी ३२० ही पिस्तुले अंगठ्याच्या सेफ्टीसह आणि तिच्याविना अशा दोन्ही रूपांत मिळतात. कारखान्याने त्या खटक्यासह पिस्तुलाची चाचणी घेतलेली असते, हमी कायम राहते आणि सुटे भाग मिळतात. संच, कारागिराची मजुरी, नवे होल्स्टर आणि चाचणीची काडतुसे असा सगळा खर्च मांडला, तर जुने पिस्तूल विकून नवे घेणे फारसे महाग पडत नाही. नंतर सेफ्टी बसवणे त्यालाच शोभते, ज्याला तेच पिस्तूल ठेवण्याचे ठोस कारण आहे आणि सरावाला वेळ देण्याची तयारी आहे.

अमेरिकेत यासाठी परवानगी लागते का?

स्वतःच्या कायदेशीर पिस्तुलाला सेफ्टी जोडण्यासाठी केंद्रीय परवानगी लागत नाही. राज्याचे आणि शहराचे नियम मात्र वेगवेगळे असतात, ते पाहावेत. अनुक्रमांकाला धक्का लागेल असे कोणतेही काम करू नये, कारण तो खोडलेले शस्त्र बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे.

मराठी वाचकांनी त्याआधीचा प्रश्न स्वतःला विचारावा. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शस्त्र वा काडतूस बाळगता येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. नियम मोडला तर तुरुंगवासाबरोबर अमेरिकेतले वास्तव्यही धोक्यात येते, त्यामुळे शंका असल्यास वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल उचलावे.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात परवान्याच्या पिस्तुलाला असा बदल करता येईल का?

स्वतःहून करता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीत फेरफार करणे आणि ती दुरुस्त करणे ही कामे त्यासाठीचा परवाना असलेल्या व्यावसायिकानेच करायची असतात. त्याच कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात, त्यामुळे अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून एखादा खटका सामानात मागवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र आयात करण्यासारखे ठरू शकते. विमानतळावर ते साधा सुटा भाग म्हणून सुटणार नाही. बदल खरोखर आवश्यक वाटत असेल, तर आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलिस आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी, आणि काम परवानाधारक दुरुस्तीदाराकडूनच पावतीसह करून घ्यावे.

घरात लहान मुले आहेत. सेफ्टी लावून ठेवली तर पुरेसे आहे का?

मुळीच नाही. खटका खाली करायला ताकद लागत नाही, आणि मुले मोठ्यांचे हात पाहून शिकतात. पिस्तूल रिकामे करून कुलूपबंद पेटीत आणि काडतुसे दुसऱ्या कुलुपात ठेवावीत. अमेरिकेत २००५ च्या कायद्यानुसार परवानाधारक विक्रेत्याने हँडगनसोबत कुलूप किंवा सुरक्षित ठेवण्याचे साधन देणे बंधनकारक आहे. ते बहुधा साध्या तारेचे कुलूप असते आणि अनेक घरांत खोक्यातच पडून राहते. ते आजच बाहेर काढावे.

बदल केलेले पिस्तूल विकताना काय करावे?

खरेदी करणाऱ्याला बदलाची माहिती लेखी द्यावी, गनस्मिथची पावती आणि काढून ठेवलेले मूळ भाग सोबत द्यावेत, आणि खटका लावणे व काढणे रिकाम्या पिस्तुलावर त्याच्याकडून समोर करून घ्यावे. दुरुस्तीला देतानाही हीच माहिती आधी सांगावी, कारण समोरचा कारागीर त्या मॉडेलला खटका नसतो असेच गृहीत धरून पिस्तूल उघडणार आहे.